आधी मांडीत अ‍ॅड्रेनलिन, बाकीचे नंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या अन्न-अ‍ॅलर्जीबद्दल आपल्याकडे दोन टोकाची मते ऐकू येतात. आजी-आजोबा म्हणतात, ‘आमच्या वेळी नव्हती बाई ही असली थेरं.’ आणि आई-वडील रक्ततपासणीचा चार पानी अहवाल पुढे करून विचारतात, ‘दूध, गहू, तूरडाळ, वांगे, केळे, सगळ्याचीच अ‍ॅलर्जी आली आहे, आता याला खायला घालू तरी काय?’ खरा धोका या दोन्हींच्या बाहेर आहे. लहान मुलांवर उपचार करणाऱ्या आम्हा काही डॉक्टरांना वाटते की या विषयातले आकडे, मात्रा आणि कशानंतर काय करायचे हे एकदा स्पष्ट लिहून टाकावे. पत्र लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

आधी धोका किती ते पाहू. अन्नातून येणाऱ्या तीव्र, सर्व शरीरभर पसरणाऱ्या प्रतिक्रियेला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. याची सर्वांत चांगली नोंद ब्रिटनने ठेवली आहे. १९९८ ते २०१८ या वीस वर्षांत तिथे या कारणाने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण लाखामागे १.२३ वरून ४.०४ वर गेले, म्हणजे तिपटीहून वाढले. दाखल झालेल्यांपैकी दगावणारे मात्र ०.७० टक्क्यांवरून ०.१९ टक्क्यांवर आले. वीस वर्षांत संपूर्ण देशात मृत्यू १५२. अन्न-अ‍ॅलर्जी असलेली दहा लाख मुले घेतली, तर त्यांतली वर्षाला साधारण तीन यामुळे दगावतात, असा जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित अंदाज आहे. आपल्याकडे तर अशी अ‍ॅलर्जीच तुलनेने कमी. कर्नाटकातल्या शाळकरी मुलांच्या पाहणीत ती हजारात दीड मुलालाही निघाली नाही (०.१४ टक्के), त्याच पद्धतीने हाँगकाँगमध्ये मोजली तेव्हा १.५ टक्के निघाली.

म्हणजे ज्या पालकांची झोप उडाली आहे त्यांनी थोडे निवांत व्हायला हरकत नाही. पण दहा लाखांतली ती तीन मुले कोणती, हे आधी ओळखता येत नाही. मागच्या वेळी नुसते अंगावर उठले होते म्हणून पुढच्या वेळीही तेवढ्यावरच भागेल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. रक्तातला आकडा मोठा असला तर अ‍ॅलर्जी खरी असण्याची शक्यता वाढते, पण झटका किती जोराचा येईल हे त्यावरून कळत नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टी मात्र माहीत आहेत : आटोक्यात नसलेला दमा, किशोरवय (मुले बाहेर खातात, सांगत नाहीत, औषध जवळ बाळगायला लाजतात) आणि अ‍ॅड्रेनलिन (सुजलेला घसा उघडणारे, उतरलेला रक्तदाब चढवणारे इंजेक्शन) द्यायला झालेला उशीर. पहिल्या दोन गोष्टींवर काम करायला महिने लागतात. तिसरी मात्र काही मिनिटांत हुकते, आणि आपल्याकडे ती बहुतेक वेळा हुकतेच.

ब्रिटनमधल्या मृत्यूंच्या एका जुन्या अभ्यासात घास पोटात गेल्यापासून श्वास किंवा हृदय थांबेपर्यंत मध्यक काळ (निम्म्या जणांत याहूनही कमी) अर्धा तास होता. या अर्ध्या तासात साधारणपणे असे घडते. पहिल्या काही मिनिटांत तोंडाला, घशाला खाज येते, ओठ किंवा पापण्या सुजतात, अंगावर गांधी उठतात. घरी आमसुलाचे पाणी चोळले जाते, पित्ताची गोळी दिली जाते. मग पोटात कळ येऊन एक-दोन उलट्या होतात. ‘पडले बाहेर, आता बरे वाटेल’ असे सगळ्यांना वाटते. त्याच सुमारास मूल सारखे खाकरू लागते, आवाज घोगरा होतो, छातीतून सूं-सूं आवाज येतो. नंतर ते पांढरे पडते, हातपाय गार लागतात, ‘झोप येते’ म्हणते. ती झोप नसते, रक्तदाब उतरत असतो. तान्ह्या बाळाला सांगता येत नाही. ते एकाएकी मलूल होते, लाळ गळते, रडून-रडून थकल्यासारखे अंग टाकते. आणि दर दहांतल्या एखाद-दुसऱ्या मुलाच्या त्वचेवर काहीच दिसत नाही, म्हणून ‘अंगावर उठले नाही, म्हणजे अ‍ॅलर्जी नाही’ हा समज घातक ठरतो.

नुसत्या गांधी उठल्या असतील तर सेटिरिझिनसारखी अ‍ॅलर्जीची गोळी किंवा सिरप पुरते, फक्त पुढचे दोन तास मुलावर नजर ठेवावी. पण त्वचेच्या जोडीला श्वास, आवाज, भोवळ किंवा थांबत नसलेली उलटी आली की अ‍ॅड्रेनलिन. आणि ज्या पदार्थाची अ‍ॅलर्जी ठाऊक आहे तो खाल्ल्यावर नुसता श्वास लागला तरी अ‍ॅड्रेनलिन.

इथे आमच्याच व्यवसायाबद्दल थोडे कडू लिहावे लागते. अशा मुलाला जवळच्या दवाखान्यात नेल्यावर फार ठिकाणी आधी फेनिरामाइन (अ‍ॅलर्जीचे औषध) आणि डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) ही दोन इंजेक्शने दिली जातात, मग सलाइन लावतात, आणि अ‍ॅड्रेनलिन ‘गरज पडली तर’ म्हणून ट्रेमध्येच राहते. पहिले औषध खाज कमी करते. सुजलेला घसा ते उघडत नाही, उतरलेला रक्तदाब ते चढवत नाही. दुसऱ्याचा परिणाम दिसायलाच चार-सहा तास लागतात. मूल बरे झाले तर ते बहुधा प्रतिक्रिया आपोआप ओसरल्यामुळे, पण श्रेय त्या दोन इंजेक्शनांना जाते आणि पुढच्या रुग्णाला तीच दिली जातात.

अ‍ॅड्रेनलिनची भीती कुठून आली हेही समजण्यासारखे आहे. शिकताना ते हृदय बंद पडलेल्या रुग्णाच्या शिरेत देताना पाहिलेले असते. शिरेतून चुकीच्या मात्रेत गेले तर हृदयाचे ठोके खरोखरच बिघडतात. पण मांडीच्या स्नायूत योग्य मात्रेत दिलेले अ‍ॅड्रेनलिन मुलांसाठी अतिशय सुरक्षित औषध आहे. दहा-पंधरा मिनिटे धडधड, थरथर, चेहरा फिका पडणे, एवढेच होते. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये ते देऊ नये असे एकही ठाम कारण नाही.

मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. आपल्याकडची अँप्यूल १ मिलिलिटरची, ‘१:१०००’ लिहिलेली, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. त्यामुळे गणित सोपे आहे : १० किलोच्या मुलाला ०.१ मिलि, १५ किलोला ०.१५, २० किलोला ०.२, ३० किलोला ०.३. मुलांमध्ये एका वेळी ०.३ च्या वर जायचे नाही, मोठ्यांत ०.५ पर्यंत. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर तेवढीच मात्रा पुन्हा. लक्षात घ्या, १५ किलोच्या मुलाला अख्खी अँप्यूल दिली तर मात्रा जवळपास सातपट होते. गडबडीत घडणारी चूक ती हीच, म्हणून मुलाचे वजन आणि ‘किती मिलि’ हे कागदावर आधीच लिहून अँप्यूलच्या डबीला चिकटवावे.

परदेशात मिळणारे पेनासारखे तयार इंजेक्शन आपल्या औषध दुकानांत सहज मिळत नाही, आणि मागवलेच तर परवडत नाही. अँप्यूल मात्र स्वस्त आहे, सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ज्या मुलाला एकदा तीव्र प्रतिक्रिया आली आहे त्याच्या पालकांनी डॉक्टरांकडून लेखी सूचना आणि प्रत्यक्ष सराव घेऊन घरी एक छोटा डबा करावा : दोन-तीन अँप्यूल, १ मिलिच्या साध्या सिरिंज तीन, साधारण एक इंच लांबीच्या २३ किंवा २४ नंबरच्या सुया, कापूस. सिरिंज अशी हवी की ०.०१ मिलिच्या रेघा दिसतील. इन्सुलिनची सिरिंज वापरू नये. एक तर तिची सुई आखूड, औषध चरबीतच राहते. दुसरे, आपल्या बाजारात ४० युनिटची आणि १०० युनिटची अशा दोन्ही मिळतात. ०.१५ मिलि म्हणजे पहिलीवर ६ युनिट आणि दुसरीवर १५. ऐन वेळी हा हिशेब कोणाला सुचणार?

हात बसेपर्यंत सराव सलाइनच्या पाण्याने करावा. अँप्यूलच्या मानेवर टिचकी मारून वरचे औषध खाली आणायचे, कापूस गुंडाळून ठिपक्याच्या विरुद्ध दिशेला मान मोडायची, जरा जास्त औषध ओढून सिरिंज उभी धरायची आणि हवा आणि जास्तीचे औषध बाहेर ढकलत ठरलेल्या रेघेवर थांबायचे. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कंबर आणि गुडघा यांच्या मधोमध, सुई काटकोनात. पातळ कपड्यावरून दिले तरी चालते. दंडात किंवा कातडीखाली दिले तर औषध रक्तात हळू पोचते, कुल्ल्यात तर देऊच नये. डबा फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, पण ऊन आणि उजेड टाळावा. उन्हाळ्यात बंद गाडीत अजिबात ठेवू नये. औषध तपकिरी किंवा गुलाबी दिसले तर फेकून द्यावे. सिरिंज आधीच भरून महिनोन्‌महिने ठेवणेही योग्य नाही, औषधाचा जोर कमी होतो.

इंजेक्शननंतर मुलाला आडवे झोपवून पाय उशीवर उंच करावेत. धाप लागली असेल तर टेकवून बसवावे, उलटी होत असेल तर कुशीवर. उभे करायचे नाही, संडासाकडे चालत न्यायचे नाही, जिन्यावरून चालवायचे नाही. रक्तदाब उतरलेला असताना एकदम उठून बसल्याने किंवा उभे राहिल्याने मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. दुचाकीवर दोघांच्या मध्ये उभे धरून दवाखाना गाठण्याची आपली पद्धत म्हणूनच वाईट. १०८ ला फोन करा, किंवा गाडीत मागच्या सीटवर आडवे न्या. दम्याचा पंप स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या नळकांड्यातून) द्यावा, पण अ‍ॅड्रेनलिननंतर. तोंडाने पाणी, लिंबू सरबत काही नको, बोटे घालून उलटी काढणे नको. तासाभरात मूल खेळायला लागले तरी रुग्णालयात निदान चार ते सहा तास ठेवावे, कारण काही मुलांत प्रतिक्रिया काही तासांनी पुन्हा उसळते.

आता त्या चार पानी अहवालाकडे येऊ. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई (अ‍ॅलर्जीशी संबंधित एक प्रकारचे प्रतिपिंड) सापडली याला संवेदन म्हणतात, ती अ‍ॅलर्जी नव्हे. कर्नाटकातच प्रौढांच्या पाहणीत २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई होती, प्रत्यक्ष अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता फक्त १.२ टक्क्यांत दिसली. म्हणजे कारण नसताना सरसकट तपासणी केली की बहुतेक ‘पॉझिटिव्ह’ खोटे निघणार, हे ठरलेलेच. शंभर-दोनशे पदार्थांचे आयजीजी (दुसऱ्या प्रकारचे प्रतिपिंड) पॅनल तर निव्वळ पैशाचा अपव्यय. आयजीजी म्हणजे ते अन्न शरीराने ओळखले, एवढेच. सतत सर्दी, भूक नसणे, अभ्यासात लक्ष नसणे यांसाठी अन्न-अ‍ॅलर्जीची तपासणी करायचे काही कारण नाही.

खरी अ‍ॅलर्जी विचारपूस करूनच कळते. काय खाल्ले, किती खाल्ले, किती वेळाने त्रास झाला, तोच पदार्थ त्याआधी किंवा नंतर कधी पचला का? त्रास दोन तासांच्या आत आणि दर वेळी येत असेल तर संशय पक्का, आणि मग फक्त त्याच पदार्थाची तपासणी. त्वचेवर थेंब टाकून टोचण्याच्या तपासणीत १५-२० मिनिटांनी ३ मिलिमीटर किंवा जास्त फुगवटा आला तर ती सकारात्मक. त्याआधी पाच ते सात दिवस अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर निकाल फसवा येतो. तरीही शंका राहिली तर रुग्णालयात, इंजेक्शन हाताशी ठेवून, तो पदार्थ अगदी कणभरापासून सुरू करून दर २०-३० मिनिटांनी वाढवत खाऊ घालतात. शेवटचा निकाल याच चाचणीचा. घरी हा प्रयोग करू नये.

अहवालाच्या भरवशावर वर्षभर दूध, गहू, डाळी बंद केलेल्या मुलांची उंची खुंटते, हाडे मऊ पडतात, आणि हे नुकसान अ‍ॅनाफिलॅक्सिसपेक्षा कितीतरी जास्त मुलांचे होते. आणखी एक धोका कमी लोकांना ठाऊक असतो : ज्या बाळाला इसब आहे आणि जे दूध किंवा अंडे नीट पचवत होते, त्याचे ते महिनोन्‌महिने बंद केले तर पुन्हा देताना खरीखुरी तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते.

दुधाबद्दल थोडे सविस्तर, कारण शाळकरी मुलांच्या ब्रिटिश मृत्युनोंदींत एकटा सर्वांत मोठा अपराधी गाईचे दूधच आहे : १९९२ पासूनच्या ६६ मृत्यूंपैकी १७. दूध प्याल्यावर पोट फुगणे, जुलाब होणे हा बहुधा लॅक्टोज न पचण्याचा प्रकार, तो त्रासदायक असला तरी जिवावर बेतत नाही. दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी वेगळी. तिच्यावर ‘गाईचे चालत नाही ना, मग शेळीचे द्या, म्हशीचे द्या’ हा घरोघरीचा सल्ला धोक्याचा, कारण तिन्हींची प्रथिने जवळजवळ सारखी आहेत. दही, ताक, पनीर, खवा यांतही ती तशीच राहतात. तुपातही थोडी उरतात. बाळाला प्रथिने तोडलेले खास दूध लागते. बदामाचे दूध त्याची जागा घेऊ शकत नाही, त्यात प्रथिने फारच कमी. मोठ्या मुलांना नाचणी द्यावी, १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. आणि हे जन्मभराचे नसते. बहुतेक मुलांची दूध-अंड्याची अ‍ॅलर्जी वाढत्या वयात जाते, म्हणून दर वर्षा-दीड वर्षाने पुन्हा तपासायला हवे. शेंगदाण्याची मात्र पाचांतल्या साधारण एकाचीच जाते.

शेंगदाण्यावरून आठवले. २००० साली अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जोखमीच्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणे देऊ नका असे सांगितले होते. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला, आणि २०१५ मध्ये लंडनच्या ६४० बाळांच्या चाचणीने तर तो उलटाच ठरवला. तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांना ४ ते ११ महिन्यांच्या वयात शेंगदाणा सुरू केला, तेव्हा पाचव्या वर्षी त्यांच्यात अ‍ॅलर्जी ३.२ टक्के निघाली, ज्यांना दिला नाही त्यांच्यात १७.२ टक्के. मात्रा आठवड्याला ६ ग्रॅम प्रथिने, म्हणजे २४-२५ ग्रॅम दाणे. आपल्या घरात याला वेगळे काही आणावे लागत नाही : वरचे अन्न सुरू झाले की आठवड्यातून तीनदा दोन-अडीच चहाचे चमचे भाजलेल्या दाण्याचे अगदी बारीक कूट मऊ भातात किंवा पातळ खिमटात कालवून. पहिल्या वेळी चमच्याच्या टोकावर, दहा-पंधरा मिनिटे थांबून बाकीचे. इसब तीव्र असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत देऊ नका, तो श्वासनलिकेत अडकतो आणि त्या कारणाने जाणारी मुले आपल्याकडे खरोखर आहेत.

ज्यांची अ‍ॅलर्जी सिद्ध झाली आहे त्यांच्या घरी पदार्थ लपून कसा येतो, हे माहीत हवे. दाण्याचे कूट कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, आमटीत असते. रिफाइंड शेंगदाणा तेलात प्रथिने जवळपास नसतात, पण आज हौसेने आणलेल्या लाकडी घाण्याच्या तेलात असतात. तीळ गोडा मसाल्यात असतात, बाकरवडीत असतात. हॉटेलच्या लाल-पांढऱ्या रश्शाला दाटपणा काजूच्या वाटणाने येतो, आणि काजू ज्याला चालत नाही त्याला पिस्तेही बहुधा चालत नाहीत. कोळंबीची अ‍ॅलर्जी असेल तर खेकडा, सोडे, जवळाही बाद, आणि ज्या कढईत कोळंबी तळली त्याच तेलातले बटाट्याचे कापही. पाव आणि बिस्किटात दुधाची पावडर असते, ‘नॉन-डेअरी’ क्रीममध्येही दुधाचे केसिनेट (दुधातलेच प्रथिन) असू शकते.

शाळांनी सरसकट शेंगदाणेबंदी जाहीर करावी असे आम्हाला वाटत नाही. साबुदाण्याच्या खिचडीच्या राज्यात ती पाळली जाणार नाही, आणि खोटा दिलासा तेवढा मिळेल. शेजारच्या मुलाच्या डब्यातल्या दाण्यांच्या वासाने झटका येणे अतिशय दुर्मीळ. त्यापेक्षा डबे वाटून खाणे त्या मुलापुरते थांबवा, वाढदिवसाची चॉकलेटे घरी पाठवा आणि खाल्ल्यावर सगळ्या वर्गाला साबण-पाण्याने हात धुवायला लावा. सॅनिटायझरने शेंगदाण्याची प्रथिने हातावरून निघत नाहीत, साबणाने निघतात. औषधाचा डबा कुलूपबंद कपाटात नको, आणि तो कुठे आहे हे निदान दोन शिक्षकांना आणि शिपाईमामांना ठाऊक हवे. ते इंजेक्शन देणाऱ्या शिक्षकाला पुढे कोणी जबाबदार धरणार नाही, असा लेखी आदेश शिक्षण विभागाने काढला तर अर्धी भीती तिथेच जाईल.

शेवटची मागणी अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे. २०२० च्या लेबल नियमांत ग्लुटेनयुक्त धान्ये, कवचाचे जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा व सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट यांचा उल्लेख सक्तीचा आहे. तीळ त्या यादीत नाहीत. २०१६ मध्ये एका ब्रिटिश मुलीचा सँडविचच्या पावात मळलेल्या तिळाने विमानात झटका येऊन जीव गेला. त्यानंतर तिथे लेबलचा कायदा बदलला, तो तिच्याच नावाने नताशा लॉ म्हणून ओळखला जातो. अमेरिकेनेही २०२३ पासून तीळ यादीत घेतले. संक्रांतीला घरोघरी तिळगूळ वाटणाऱ्या देशात ते यादीबाहेर का? शिवाय हे नियम पाकिटावर लागू, मिठाईच्या दुकानातल्या काचेआड मांडलेल्या बर्फीवर नाहीत. खुल्या मिठाईच्या प्रत्येक ट्रेवर ‘कधीपर्यंत खावी’ ती तारीख लावणे १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक झाले. त्याच पाटीवर काजू, शेंगदाणा, तीळ, दूध, गहू यांपैकी काय आहे, एवढी एक ओळ वाढवायला किती खर्च येईल?

आपले,
लहान मुलांच्या अ‍ॅलर्जीवर उपचार करणारे काही डॉक्टर, पुणे